कुठले खरात?

अभय खरातचा चहा मी सांडला तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. कॉलेजच्या ग्राउंडवर मुलींच्या व्हॉलीबॉल टीमची निवड चालली होती. समोरून बॉल आला. मी दोन्ही हात गुंफून तो होता तसा परत हाणला. बॉल नेट ओलांडून, लाइन ओलांडून, बाजूनं निवांत चाललेल्या एका उंच मुलाच्या कागदी कपावर जाऊन आदळला.

त्यानं शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गाव कुठलं?"

"का? घरी तक्रार करायचीय?"

"नाय. असं मारणारी माणसं शूटिंग व्हॉलीबॉलवाली असतात, म्हणून विचारलं."

"देवगाव रंगारी."

"तिकडं पाहुण्याला चहा देतात, का पाडतात?"

"पाहुणा बघून ठरवतो."

त्याचा अंदाज बरोबर होता. आमच्या गावात शाळेमागं पोरं शूटिंग व्हॉलीबॉल खेळायची. मेंढरं वळवून आणताना मी कडेला उभी राहायची आणि एखादा गडी कमी पडला की आत शिरायची. गोफण फिरवून हात असा झालेला, की पुढं पुढं पोरं मला घ्यायला भांडू लागली. त्या खेळात आलेला बॉल थेट पलीकडं मारायचा. कॉलेजात मात्र एकीनं उचलायचा, दुसरीनं चढवायचा, तिसरीनं मारायचा. हे मधले दोन पाहुणे कशाला, तेच मला कळेना.

आमच्या कोच करुणा मॅडमनी मुलांच्या टीमचा सेटर, म्हणजे बॉल चढवून देणारा, माझ्या उरावर बसवला. तोच, चहावाला.

"घाई कसली, देवगाव? बॉल वर टांगू दे. नीट बघ. मग मार."

"आणि तोवर तू काय करणार?"

"मी तुझ्याकडं बघणार… म्हणजे, हाताकडं. कोपर वाकतंय."

मेंढरं मोजत वाढले, त्यामुळं माणसंही मोजून घ्यायची मला खोड आहे. अभयच्या जमेला बरंच होतं. माझ्या दुखऱ्या बोटाला चिकटपट्टी लावायचा, ती पिकल्या सीताफळाला हात लावावा तशी. मी चुकले तर हसायचा, पण मी हसल्यावरच. नावे मात्र एकच गोष्ट, सरळ बोलायचा नाही. एकदा "गंमत दाखवतो" म्हणून मुकुंदवाडी स्टेशनावर घेऊन गेला. त्याचं घर तिथून जवळच. गंमत काय, तर न थांबता जाणारी एक्सप्रेस. ती धडधडत जात असताना तो माझ्या कानाशी काहीतरी बोलला.

"काय?"

"काही नाही…" तो रुळांकडं बघत म्हणाला. "गाडी मोठी होती."

चांगल्या सेटरला एवढं साधं वाक्य चढवता येऊ नये, याचं मला नवल वाटलं. पण परत येताना माझी ओढणी थंड वाऱ्यानं त्याच्या मनगटाला गुंडाळली, आणि ती सोडवायची आम्हा दोघांनाही घाई नव्हती.

त्या हिवाळ्यात आम्ही जिंकतच सुटलो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या कॉलेजच्या मुली कधी पहिल्या फेरीपलीकडं गेल्या नव्हत्या. आम्ही सेमीफायनल मारली. आणि त्याच दिवशी माझा मोठा भाऊ, बिभीषणदादा आला.

दादा कन्नडच्या रस्त्यावर जीप चालवतो. मला शहरात ठेवताना त्याची एकच अट होती. एखाद्या पोराचं नाव कानावर आलं, की खेळ बंद आणि बॅग भरायची. तो आला तेव्हा माझा हात अभयच्या हातात होता. पट्टी काढायचं चाललं होतं, पण हात तर हातात होताच.

"कोण हा?"

"अभय. बॉल मारायला शिकवतो."

"आडनाव काय?"

आमच्याकडं नाव विचारतात ते हाक मारायला. आडनाव विचारतात ते माणसाला कुठं बसवायचं, हे ठरवायला.

"खरात," अभय म्हणाला.

दादाचा चेहरा एकदम सैलावला. आमच्या मामांचं आडनाव खरात. "कुठले खरात?" त्यानं चक्क हसून विचारलं. तेवढ्यात मॅडमनी अभयला हाक मारली, आणि उत्तर राहून गेलं. दादानं ते आपल्या मनानंच भरून टाकलं. संध्याकाळपर्यंत देवगावात बातमी पोचली होती, की अक्षदानं, म्हणजे मी, पोरगा धुंडला, तोही आपल्यातलाच धनगराचा. माझे वडील, आबा, फायनलला यायचे होते. मॅच बघायला कमी, जावई बघायला जास्त.

आमची कॅप्टन मेघा म्हणाली, "फुकट मिळालेला पॉइंट आहे. गप घे. फायनलनंतर बघू."

मी अभयला तेच सांगितलं. तो बॉल बोटावर फिरवू लागला.

"आमच्या आजीला, गोजरबाईला, गावात पाणी वरून ओतायचे," तो म्हणाला. "आज्यानं बौद्ध धम्म घेतला, गाव सोडलं, ते ताठ बसायला. मी आता तुझ्या आबांपुढं खोटा खरात होऊन चहा पिऊ? तू हरलीस तरी मला चालेल, देवगाव. हे नाय चालणार."

"मी सांगितलं तर मला घेऊन जातील."

"माहितीय. म्हणून तू सांगू नको. मी सांगतो."

"माझ्या बापाला तू कशाला सांगणार?" मी बॉल त्याच्या हातातून काढून घेतला. "माझ्याकडं आलेला बॉल आहे तो."

फायनल दोन-दोन सेटवर आली. पाचव्या सेटआधी सगळ्या पाणी प्यायला वळल्या आणि मी प्रेक्षकांच्या दोरीकडं गेले. आबा पटका सावरत उभे होते, शेजारी दादा.

"आबा, अभय मामांच्यातला नाय. बौद्ध आहे. आणि मला तो आवडतो."

दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"बॅग भर. आत्ता, अक्षे."

"मॅच संपल्याशिवाय मी हलत नाय. उचलून न्यायचं असेल तर या एवढ्या लोकांसमोर ने."

आबांनी पटका पुन्हा सावरला. शिट्टी वाजली.

तो सेट कसा खेळले ते मला मेघाकडूनच ऐकावं लागतं. एवढं आठवतं, की आम्ही चौदा-तेरा पुढं, एकच पॉइंट हवा असताना समोरच्या मुलीनं बॉल आमच्यावर जोरात हाणला, तो माझ्या छातीशी आला, आणि पलीकडच्या सगळ्या जणी मागं सरकल्या. आमचे अजून दोन टच बाकी आहेत असं धरून. मेघा ओरडत होती, "मला दे, मला दे." मी हात गुंफले आणि शाळेमागं त्या पोरांत मारायची तसा बॉल थेट परत मारला. तो मोकळ्या जागेत पडला, तरी पलीकडची एकही हललेली नव्हती.

गलका ओसरल्यावर बघितलं, तर दादाची जीप गेली होती. आबा एकटेच मॅडमसमोर उभे होते.

"मॅडम, हिची बॅग हितंच राहू द्या. घरी काय व्हायचं ते व्हईल, मी बघतो."

मग अभयकडं न बघताच त्यांनी विचारलं, "पोरा, स्टँडला कुठली बस जाती?"

"मी सोडतो ना, बाबा."

"नको. निस्ती दाव."

अभय फाटकापर्यंत त्यांच्या बरोबरीनं चालत गेला. दोघांत हातभर अंतर होतं. बस आली तेव्हा आबा चढता चढता थांबले, मागं वळून त्याला काहीतरी म्हणाले, आणि गेले.

"काय म्हणाले?"

"तुझी आई काय करती, असं विचारलं." अभयनं केसांतून हात फिरवला, माझ्या बोटावरची सुटलेली पट्टी उगाच दाबली. "अक्षदा… त्या दिवशी स्टेशनवर मी जे… म्हणजे गाडी आली नसती, तर मला असं म्हणायचं होतं, की तू… आपण…"

"व्हय," मी म्हणाले.

"अजून विचारलं कुठं?"

"विचार मग. माझं उत्तर तर पलीकडं पडलंसुद्धा."