परतीची पाटी

अंकुशने मोनालीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला मिठी मारून उभी होती. प्रेमकथेची सुरुवात म्हणून हे वाईट नव्हतं. फक्त मिठी एका पाटीला होती, आणि अंकुश ती पाटी उपटायला आला होता.

नागपूरचं हुडकेश्वर मागे टाकून उमरेड रोडला नवा बायपास जिथे फुटतो, तिथली ही गोष्ट. फेब्रुवारी होता. प्रेमात पडायला अपुरा आणि शर्ट खराब व्हायला पुरेसा, असा अवकाळी पाऊस भुरभुरत होता. अंकुशच्या मागे बांधकाम खात्याची जीप होती, आणि जीपला टेकून पहार घेतलेला धोंडबा.

"मॅडम, सोडा ती पाटी. अनधिकृत आहे."

"मी सोडीन. पन तुमी काहून धरून राहिले तिले?"

"सरकारी काम आहे."

"माह्यं खानगी हाये. बोर्ड माह्या, खड्डा म्या खंदला, रंग म्या देल्ला."

"रंगाचाच तर प्रॉब्लेम आहे. तपकिरी रंग फक्त पर्यटनस्थळाला चालतो. खासगी माणसाला तो वापरता येत नाही."

"आता रंगबी सरकारचा झाला?" ती म्हणाली. "मंग आमच्या गावच्या शेणाले नोटीस देऊन द्या."

धोंडबा हसला. अंकुशने त्याच्याकडे अधिकाऱ्यासारखं पाहायचा प्रयत्न केला, पण तो कंत्राटी अभियंता होता आणि धोंडबा कायम नोकरीत होता. त्यामुळे त्या पाहण्यात दम नव्हता.

पाटीवर लिहिलं होतं : 'हातमाग पाहा. चहा फुकट.' खाली बाण.

"बाण आभाळाकडे चालला आहे," अंकुश म्हणाला.

"लिहिता लिहिता हात दुखला."

"रीतसर अर्ज करा. नियमात बसलं, तर आम्हीच पाटी लावून देऊ."

"अन नाई बसलं तं?"

"तर... बघू."

सरकारी माणसाच्या तोंडी हा शब्द म्हणजे नकारच. पण तो म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं, आणि नियमानुसार जेवढं बघायला हवं होतं त्याहून जरा जास्त वेळ बघितलं.

"नेता तं सांभाळून न्या, साहेब," ती पाटी सोडत म्हणाली. "रंग ओला हाये."

तोवर तो अंकुशच्या शर्टाला लागला होता. डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

बायपास होण्याआधी उमरेडला जाणारी प्रत्येक गाडी नानाजींच्या मागघरापुढून जायची. कोणी थांबायचं, मागाची खटखट ऐकायचं, जाताना लुगडं घ्यायचं. मग लोकांचा वेळ वाचावा म्हणून बायपास झाला. नानाजींचा इतका वेळ वाचला, की त्याचं काय करावं हे त्यांना कळेना.

नानाजी म्हणजे मोनालीचे वडील. करवतकाठी लुगडी विणणारे. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ एकट्याने विणता येत नाही. एक जण मागावर बसतो, दुसरा बाजूला. मागावरचा काठाचा धागा नेणारा धोटा सोडतो, बाजूचा तो परत पाठवतो. आधी बाजूला मोनालीची आई बसायची. आई गेल्यावर मोनाली बसू लागली. रामदासपेठेतल्या दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी तिने त्यासाठीच सोडली होती.

त्या घरात आणखी एक रीत होती. माग कधी रिकामा करायचा नाही. लुगडं उतरवलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं वीतभर शिल्लक ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा. आजोबांचा ताणा असाच पिळापिळांनी नानाजींपर्यंत आला होता. टोकं कापली की माग मेला.

"हा ताना शेवटचा," नानाजींनी त्या हिवाळ्यात सांगून टाकलं होतं. "हा सरेपर्यंत कोनी पाह्याले आलं, तं पुढचा जोडू. नाई तं कातरीनं टोकं कापून मोकळे होऊ. कोनासाठी विनाचं वं?"

म्हणून ती पाटी. ताणा सरायच्या आत रस्त्यावरची एखादी गाडी इकडे वळायला हवी होती. मोनालीने तर उमरेडहून नवा ताणा आणूनही ठेवला होता. बापाला न सांगता, पलंगाखाली, गोधडीत गुंडाळून.

अर्ज गेला, आणि अंकुश पाहणीला आला.

खात्याच्या नियमावलीत पहिलाच नियम होता की स्थळ पाहण्याजोगं असावं. पाहण्याजोगं म्हणजे काय, ते दिलं नव्हतं. त्यामुळे अंकुशला बराच वेळ पाहावं लागलं. मधे मधे त्याने मागाकडेही पाहिलं.

"तुम्ही इथे विकत असाल तर हे दुकान झालं," तो नानाजींना म्हणाला. "दुकानाला तपकिरी पाटी मिळत नाही."

"मंग मी विनू कायले?"

"लोकांनी पाहावं म्हणून."

"अन खाऊ काय?"

"ते नियमात नाही," अंकुश म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. वाईट वाटणंही नियमात नव्हतं.

नंतर तो बस वळते का हे बघायला आला. अंगणात मधोमध कडुनिंब होता. बस नव्हती, म्हणून तो स्वतःच हातात नसलेलं स्टिअरिंग धरून कडुनिंबाभोवती चालला.

"मोठी बस हाये का मिनी?" मोनालीने ओट्यावरून विचारलं.

"मोठी."

"मंग पोट पुढं काढा ना, साहेब. अशी वाळकी बस कुठं राह्यते?"

मोठी बस कपड्यांच्या दोरीत अडकली. तोंडावर ओली ओढणी घेऊन ती काही वेळ तशीच उभी राहिली... ओढणीला साध्या साबणाचा वास होता. त्या रात्री अंकुशने अहवालात लिहिलं : 'वळणास वाव आहे.'

मग बायकांच्या संडासाची पाहणी झाली. मग संडासाच्या दाराची. प्रत्येक नियमाला वेगळी पाहणी लागते, असं तो ऑफिसात सांगायचा. लागत नव्हती.

एकदा विणताना धागा तुटला. नानाजी चष्मा शोधत होते, तेवढ्यात अंकुशने चिमटीला चुलीतली राख लावली आणि दोन टोकं पिळून दिली. नजरही खाली न नेता.

नानाजींनी चष्मा न लावताच त्याच्याकडे पाहिलं. "गाव कोनतं गा तुह्यं?"

"कामठी."

"घरी काय होतं?"

"...पॉवरलूम."

नानाजींनी पिळलेला धागा ओढून पाहिला.

"तुमच्या खटखटीनं आमाले खाल्लं," ते म्हणाले.

"आमाले बाहेरच्या मालानं खाल्लं, काका. आता तेबी बंद हाये. बाप पतसंस्थेत वॉचमन झाला." अंकुशची साहेबी मराठी कामठीचा विषय निघाला की टिकत नसे.

"बरं झालं," नानाजी म्हणाले. आणि मग, जरा वेळाने, "चहा देय वं त्याले."

एप्रिलच्या एका ढगाळ संध्याकाळी शेवटचा नियम निघाला. परतीचा फलक.

"हे काय आता?" मोनालीने विचारलं. ती ओट्यावर बसून कांडीवर सूत भरत होती.

"पाटी लावून माणूस आत आणला, की त्याला हायवेपर्यंत परत जायचा रस्ताही दाखवला पाहिजे. गावातल्या चौकात दुसरी पाटी लागते. सक्तीची आहे."

"अन ज्याले परत नसन जायचं, त्याले?"

"त्याची तरतूद नाही."

"सरकारनं कराले पाह्यजे, साहेब. असतेत अशे लोक."

कांडी भरून वाहायला लागली तरी ती फिरवत राहिली.

आतून नानाजी ओरडले, "मोने! धोटा कोन परतवीन? माह्या बाप?"

फाइल मात्र निघेना. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लुगडं विणण्यापेक्षा जास्त काळ घेत होती, आणि तिला काठही नव्हता. इकडे ताणा सरत आला. मागावर वीत-दीड वीत उरलं, तेव्हा एका सकाळी नानाजींनी धोटा सोडला आणि तो मोनालीपर्यंत आलाच नाही. अर्ध्यात थांबला. उजवा हात गेला होता, आणि तोंडाची उजवी बाजूही.

रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात ती कधीकाळी रिसेप्शनवर बसायची, तिथेच त्यांना ठेवलं. खिडकीतून दुसऱ्या दवाखान्याची खिडकी दिसायची. अंकुशचा फोन आला तेव्हा ती चमच्याने पाणी पाजत होती. पाटी मंजूर झाली होती. लागायला अजून आठवडा होता.

"बाबा, पाटी लागली," तिने सांगितलं.

अर्ध्या तोंडाने त्यांनी विचारलं, "गाड्या?"

"आल्या ना. लाइन लागून हाये फाट्यापर्यंत."

"चहा?"

"देल्ला, बाबा. साऱ्याइले देल्ला."

त्यांना बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

पाटी लागली ती तेराव्याच्या आधल्या दिवशी. सरकारी कामाला उशीर होतो ही तक्रार खोटी आहे. ते बरोबर वेळेवर होतं, फक्त वेळ दुसऱ्याची असते. फाट्यावर तपकिरी, चकचकीत पाटी : 'हातमाग केंद्र'. बाण सरळ. अंकुशने तो स्वतः सुतळी लावून सरळ केला. परतीची पाटी जीपमध्ये होती. धोंडबाने ती उतरवायला हात घातला, तर अंकुश म्हणाला, "राहू दे." ती पाटी ऑफिसात कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग खरंच एक गाडी आली. शहरातलं कुटुंब होतं. मोनालीने त्यांना चहा दिला, आणि माग बंद आहे म्हणून सांगितलं. ते थांबलेल्या मागाचे फोटो काढून निघाले. गावच्या चौकात पाटी नव्हती, म्हणून डावीकडे वळले, आणि मुरमाच्या खदानीत रुतले. त्यांची तक्रार फोटोसकट अंकुशच्या साहेबांच्या टेबलावर पोचली. तिला मात्र आठवडाही लागला नाही.

जुलैच्या शेवटी, पाऊस जुना होऊन कंटाळवाणा झाला तेव्हा, अंकुश मागघराच्या दारात येऊन उभा राहिला. मोनाली मागाजवळ बसली होती. मांडीवर कातरी होती.

"पाटी काढायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "स्थळ बंद असेल तर वाहनचालकाची दिशाभूल होते, असा नियम आहे."

"काढा ना मंग. माह्या हातची काढली तवा विचारलं होतं का?"

"धोंडबा काढून राहिला. मी... सांगायले आलो."

"ते खदानीतले लोक म्हने लय बोलले तुमाले."

"महिनाअखेर कंत्राट संपते माह्यं. पुढचं देत नाई म्हनले."

तिने मान वर केली. रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते, पण त्यात राग मावत होता. "काहून नाई लावली ती पाटी? तुमी तं नियमाचे मानूस. बस होऊन फिरले माह्या अंगनात! एक पाटी लावता नाई आली?"

"पाहा ना..." तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला. "तिच्यावर 'नागपूर' लिहिलं होतं. अन बाण. मले वाटलं, ती पाटी मलेच जा म्हनून राहिली. माह्यानं नाई लावल्या गेली."

बाहेर पागोळ्या पडत होत्या. दूर फाट्यावर पहारीचा आवाज थांबला. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो लांब जात गेला.

"बाबाले मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "गाड्याइची लाइन लागली म्हनून. एकबी नवती." तिने कातरी उचलली. "टोकं कापून टाकतो आता. कोन पाह्यते?"

अंकुश आत आला. चप्पल काढली. मागाच्या मागे जाऊन त्याने लोंबणाऱ्या जुन्या टोकांवरून हात फिरवला, आणि खाली वाकून भिंतीलगतच्या पलंगाखालची गोधडी ओढली.

"हे कसं म्हाईत तुमाले?"

"संडासाच्या पाहणीले आलो तवा दिसलं होतं. अहवालात नाई लिहिलं."

ती हसली नाही. पण कातरी तिने खाली ठेवली. मग बराच वेळ ती नव्या ताण्याकडे बघत राहिली, जणू तो कुणी दुसऱ्यानेच आणला होता.

"काठ मले एकटीले नाई येत," ती म्हणाली. "बाजूले मानूस लागते. धोटा परत पाठवाले."

"तेवढं येईन मले."

"बाबा असते तं पॉवरलूमवाल्याले हात नसता लावू देल्ला."

"चहा देल्ला असता."

ती चुलीपाशी गेली आणि वाटीत राख घेऊन आली. दोघं मागाच्या मागे समोरासमोर बसली, मधे जुनी टोकं आणि नवा ताणा. बाहेर अंधारून आलं होतं. फाट्यावर आता दोन खड्डे होते, एक तिच्या पाटीचा आणि एक सरकारी, आणि त्यात पाणी भरत होतं. या रस्त्याला कोणी येण्याची शक्यता उरली नव्हती.

"जीप गेली तुमची, साहेब," ती पुटपुटली. "परत कशे जाता?"

"रस्ता म्हाईत नाई. पाटी नाई ना चौकात."

तिने राखेत चिमटी बुडवली, जुन्या ताण्यातला पहिला धागा वेगळा केला आणि त्याचं टोक त्याच्यापुढे केलं.

"अंकुश... धर गा."