कृष्णाबाईंचा वाटा

"परक्या बाईच्या हातून आंघोळ घालून घ्यायला मी काय मढं आहे?"

कृष्णाबाई गरजल्या आणि हिमानीच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थबकला. चार महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या याच घरात, बाथरूममध्ये पाय घसरून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, उजवा खांदा कायमचा जायबंदी झाला होता. तेव्हापासून, मुलगा दिवसभर कामावर असल्यानं, त्यांची वेणीफणी, आंघोळ, पातळाच्या निऱ्या, सारं सूनच करत होती. त्यापायी तिनं छोट्या मुलांच्या शाळेतली आपली नोकरी थांबवली होती. शाळा ऑगस्टअखेरपर्यंत जागा राखणार होती, त्यापुढे नाही. आणि आज काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारच्या, ज्येष्ठांच्या कार्यालयातून डोना नावाची बाई येणार होती. घरी मदतनीस द्यायची का, आणि दिली तर त्या खर्चातला किती वाटा कृष्णाबाईंनी उचलायचा, हे ती ठरवणार होती.

"आई, सकाळचे तीनच तास येईल. आणि त्याचे आपण..."

"सरकारची भीक ती भीकच! पाटबंधारे खात्यातल्या माणसाची बायको आहे मी. सासूचा कंटाळा आला असेल तर तोंडानं सांग, सूनबाई! ही डोना-द्रोणा कशाला मध्ये?"

हिमानीनं कप खाली ठेवला. तिनं सासूबाईंना ठेवणीतलं इरकल नेसवलं, केस विंचरून दिले. आणि त्याच इरकलात ताठ बसून कृष्णाबाईंनी त्या गोऱ्यापान बाईपुढे असा काही दरबार भरवला, की विचारू नका!

डोना इंग्रजीत विचारी, हिमानी मराठीत सांगे, आणि सासूबाईंचं उत्तर पुन्हा इंग्रजीत करून देई.

"आंघोळ?"

"माझी मीच करते."

"कपडे?"

"नऊवारीसुद्धा नेसेन, म्हणावं."

"स्वयंपाक?"

"वीस पानांचा! एकटीनं!"

एवढ्यावर थांबतील तर त्या कृष्णाबाई कसल्या! दात आवळून त्या उठल्या, भिंतीला न टेकता स्वयंपाकघरात गेल्या आणि डाव्या हातानं शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आल्या. शंकरपाळ्या हिमानीनं केलेल्या, पण श्रेय सासूबाईंनी घेतलं. डोनानं टाळ्या वाजवल्या, डबाभर खाऊ घेतला आणि ती गेली.

त्यानंतर दोन दिवस कृष्णाबाई खुब्याच्या कळांनी तळमळत पडल्या होत्या. शेक द्यायला हिमानीच होती... पण त्यांच्या मनात मात्र संशयाचा विखार! त्या फाडफाड इंग्रजीत या पोरीनं माझी काय काय निंदा केली असेल, कोण जाणे!

दहा दिवसांनी पत्र आलं. मदतीची आवश्यकता नाही.

"पाहिलंस? परक्या बाईलासुद्धा माणसाचं पाणी कळतं!" कृष्णाबाई विजयानं म्हणाल्या.

"हो, आई," एवढंच म्हणून हिमानी आत गेली.

पुढल्या शुक्रवारी दुपारी हिमानीची पंधरा वर्षांची मुलगी केया एक खोकं घेऊन आली आणि तिनं ते आजीच्या पुढ्यात धाडकन ठेवलं. आत चिमुकल्या हातांचे रंगीत ठसे उमटवलेले कागद, लाकडी ठोकळे, आणि हिमानीच्या नावाची पाटी.

"हे काय गं?"

"मॉमच्या क्लासरूममधलं. शी इज क्विटिंग, आजी. मंडेला लेटर देणार."

"का? मी सांगितलं का तिला नोकरी सोड म्हणून?"

"मग तुला बाथ कोण देणार?" केयाचे डोळे भरून आले. तिनं काउंटीचं ते पत्र उघडलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत वाचू लागली. "आंघोळ स्वतः करते. साडी स्वतः. वीस लोकांचं जेवण... आजी, मी तिथेच होते. मॉमनं तू जे बोललीस ना, एक्झॅक्टली तेच सांगितलं. ती काहीही सांगू शकली असती! तुला कळलंपण नसतं."

कृष्णाबाईंनी ते पत्र तिच्या हातातून घेतलं. परक्या भाषेच्या आडोशानं एक वाक्य, फक्त एकच खरं वाक्य ती बोलली असती, तर तिची सुटका होती... पण परक्या माणसापुढे सासूचा पदर ढळू नये म्हणून या पोरीनं आपली शाळा, तिथली मुलं, सारं काही मुकाट्यानं वाहून टाकलं! आणि आपण? आपण तिच्या जिभेवर विष शोधत बसलो!

पदर डोळ्यांना लावायचा, तर तोही डाव्या हातानं नीट उचलेना.

"रडतेस काय, केया? लाव त्या द्रोणाला फोन."

डोना पुन्हा आली. यावेळी इरकल नव्हतं, शंकरपाळ्या नव्हत्या. घरच्या विटक्या पातळात कृष्णाबाई बसल्या आणि प्रश्नाची वाट न पाहता सुरू झाल्या.

"लिही, बाई. निऱ्या मला घालता येत नाहीत. पाठीला हात पोचत नाही. भाताचा घास डाव्या हातानं खाते, अर्धा मांडीवर सांडतो... तो ही माझी सून पुसते."

हिमानीनं डोनाकडे वळून एक वाक्य सुरू केलं आणि अर्धवटच सोडलं.

"सांग की! त्या दिवशी माझं खोटं शब्दाला शब्द सांगितलंस, आज खरं सांगताना अडखळतेस?"

"आई..." हिमानीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोनाला भाषांतराची गरज उरली नव्हती; समोर दिसलं ते तिनं लिहिलं.

मग तिनं खर्चाचा कागद पुढे केला. मदत फुकट नव्हती. मुलाचा पगार न बघता, कृष्णाबाईंच्या स्वतःच्या पेन्शनीवरून त्यांचा दरमहा वाटा ठरणार होता. उरलेलं काउंटी देणार होती.

"म्हणजे पैसे मी द्यायचे? ह्यांच्या पेन्शनीतून?" कृष्णाबाईंची मान ताठ झाली. "मग ही भीक कशी? आधी का नाही सांगितलंस?"

"सांगतच होते, आई. तुम्ही 'भीक' म्हणालात आणि पुढचं ऐकलंच नाहीत!"

"सासूला उलटून बोलतेस? बोल, बोल. चार महिने गप्प होतीस, तेच वाईट होतं."

डाव्या हातानं, एकेक अक्षर कोरल्यागत, त्यांनी सही केली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमानी शाळेतून परतली, तेव्हा कृष्णाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मदतनीस बाईनं नेसवलेल्या पातळाच्या निऱ्या एकीकडे कलल्या होत्या. पर्स न ठेवताच हिमानी वाकली आणि त्या सारख्या करू लागली.

कृष्णाबाईंनी तिचा हात धरला. बोटांना निळा रंग लागला होता.

"असू देत. वाकड्या तर वाकड्या, माझ्या पैशाच्या आहेत. उद्या शिकवीन तिला." मग त्यांनी तो निळा हात आपल्या गालाशी नेला. "तू बस इथं. पोरांनी आज काय काय केलं, ते सांग मला... अगदी शब्दाला शब्द."