परत न केलेलं हाड

मेडिकल कॉलेजच्या जिन्याच्या वळणावर त्या दोघांची टक्कर झाली आणि दोन्ही पिशव्यांतली हाडं पायऱ्यांवरून खडखडत गेली. तोंडी परीक्षेसाठी घरी न्यायला मिळालेली पेल्विसची हाडं ती, प्रत्येकाची तीन: कमरेची दोन पसरट आणि मधलं तिकोनी, सेक्रम.

"लागलं का तुम्हाला?" वर्गातला तो उंच मुलगा. सगळे त्याला बांबू म्हणत.

"नाही... हाडांना विचारा," ती म्हणाली, आणि आपल्याच धिटाईने कानापर्यंत लाल झाली. हाताला लागली ती तीन हाडं पिशवीत कोंबून पळालीच.

घरी सांधा जुळेना. कमरेच्या हाडाची कानाच्या पाळीसारखी खडबडीत बाजू सेक्रमवर घट्ट बसायला हवी, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत. इथे तर बोटभर फट! सेक्रम त्याचं होतं.

सकाळी तो जिन्यापाशीच उभा होता, पण मित्रांच्या घोळक्यात. सगळ्यांदेखत काय म्हणायचं – तुमच्या कमरेचं हाड माझ्याकडे राहिलंय? ती मागच्या दाराने वर्गात गेली.

परीक्षेला सरांनी पहिल्यांदा त्यालाच बोलावलं. कमरेच्या दोन हाडांचा पुढच्या बाजूचा सांधा त्याने छान सांगितला – मध्ये कूर्चेची चकती, हालचाल अगदी जराशी. मागचा, सेक्रमचा, मात्र काही केल्या बसेना.

"मोडतोस का आता?" सर करवादले. "हाडं सांभाळता येत नाहीत? सहा महिन्यांनी ये."

त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. "चूक माझीच, सर."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली. "सर... त्यांचं सेक्रम माझ्याकडे आहे. कालच कळलं होतं. लाज वाटली... म्हणून दिलं नाही."

वर्ग खो-खो हसला. भर वर्गातून ते हाड हातात घेऊन जाताना तिला पाय कुठे ठेवावा कळेना. त्याने ते बसवलं. फट नाहीशी झाली. सर चष्मा पुसत म्हणाले, "बरं, पुढे सांग."

"सकाळी तुमचीच वाट बघत होतो," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मग हाक का नाही मारलीत?"

"काय म्हणून मारणार? मलाही लाजच वाटली की!"

ती पहिल्यांदा हसली.

"उद्यापासून अभ्यासाला एकत्र बसू या?... हाडं बदलायची नाहीत."

"आणि बदलली तर?"

"तर तू आणून देशील."

तू!

या गोष्टीला आता पन्नास वर्षं झाली. अजूनही तिच्या कमरेत चमक भरली की तो चारचौघांत विचारतो, "अगं, माझंच सेक्रम वापरत नाहीस ना?"

आणि तिचे कान लाल होतात.