जी सेव्हनच्या आधीच्या सहा

विश्वास हा प्रेमाचा पाया असतो. मुलुंड पूर्वेला मात्र पाया म्हटलं की लोक आधी बिल्डरची चौकशी करतात, आणि गंधाली तर जन्मापासून मुलुंडची.

तिचं कपडे ऑल्टर करायचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर नव्यानं पियानोचा क्लास काढलेला मुकुल एका संध्याकाळी ड्रायक्लीनिंगचं दुकान समजून तिथे शिरला, काळा कोट घेऊन.

"धुणं शेजारी," ती म्हणाली. "पण बाह्या लांब आहेत तुमच्या."

तिने मनगटाला टेप लावली. एकाच मनगटाचं माप तिने तीनदा घेतलं… का, ते टेपवर दिसत नाही.

मग त्याच्या शर्टांची बटणं भराभर तुटू लागली. गंधालीला संशय आला. दोऱ्यावर दातांच्या खुणा होत्या.

"रविवारी कार्यक्रम आहे माझा," शेवटी तो म्हणाला. "पहिल्या रांगेत… बसशील?"

पहिली रांग म्हणजे मुलुंडमध्ये अर्धा साखरपुडा.

"कोटाच्या ट्रायलला ये. तेव्हा सांगते."

ट्रायलच्या दिवशी तिने उजवी बाही उसवून काढली, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे त्याचा विद्यार्थी सिद्धेश. मुकुल त्याला समजावू लागला.

"डॉमिनंट आहे रे ती, पण सरळ ठेवलीस तर कंटाळवाणी! मी तिला ऑल्टर करतो… हो, घरी जायला तडफडते. पण लगेच सोडायची नाही. ताणून धर!"

गंधालीच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून मुकुल वाचला. तिने एकेक टाचणी काढली.

"कोण ती?"

"कोण?"

"घरी जायला तडफडते ती."

"अगं, जी सेव्हन!"

"म्हणजे आधी सहा झाल्या?"

"कॉर्ड आहे गं ती! पियानोवर एकत्र वाजवायचे सूर!"

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. असं आजवर कोणीच म्हटलं नव्हतं.

तो तसाच, एका बाहीच्या कोटात, तिला वर घेऊन गेला.

"ही साधी डॉमिनंट." त्याने वाजवली. "आता ऑल्टर… पाचवा सूर किंचित वर, नववा किंचित खाली."

"म्हणजे कंबर सैल आणि गळा तंग. असं फिटिंग झालं तर मी गिऱ्हाइकाची माफी मागते."

पण कॉर्ड खोलीत लोंबकळत राहिली. गंधाली अस्वस्थ झाली.

"टोचतंय रे… आत टाचणी राहिल्यासारखं."

"तेच! टोचतंय म्हणून तर घर आठवतं, तिचा मूळ सूर."

"मग पाठव ना तिला घरी!"

"पाठवतो…" त्याची बोटं हलली नाहीत. "पण घरात कोणी वाट बघतंय का, ते कळायला हवं."

गंधालीने डोळे बारीक केले. "हे वाक्य किती जणींना ऐकवलंस?"

"तुलाच. आणि आरशाला."

"आरशाला किती वेळा?"

"…पुष्कळ."

हे तिला पटलं. एवढं लाजिरवाणं कोणी खोटं सांगत नाही.

"घर कुठेय?"

"दोन काळ्या पट्ट्यांच्या लगेच डावीकडे. ती पांढरी."

तिने बोट ठेवलं. हलकेच दाबलं. त्याचे दोन्ही हात त्या सुराभोवती येऊन बसले, आणि खोलीवरून कोणीतरी गरम इस्त्री फिरवल्यासारखं सगळं सपाट, शांत झालं.

"पहिली रांग," ती खाली बघत म्हणाली. "मधली खुर्ची. आणि बटणं चावणं बंद."

मुकुलने पियानोचं झाकण लावलं.

"गंधाली…"

"हं?"

"ती बाही तेवढी लावून दे ना."