मोतीराम सरांचा अभिप्राय

राखीताई देवरे शाल घेऊन मोतीराम सरांच्या सत्काराला गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सर तर गेल्या हिवाळ्यातच वारले."

"आणि परत येऊन मेल उघडली, तर सरांचा ताजा अभिप्राय," त्या सुवर्णा पगारेला सांगत होत्या. राखीताई द्राक्ष-संशोधनाच्या नियतकालिकाच्या संपादक. कुठला लेख छापायचा, ते परीक्षक म्हणून सर सांगायचे.

खासगी गुप्तहेर सुवर्णा शांत होती. तिचा जोडीदार रवी, त्याच्या मात्र अंगावर सरसरून काटा आला.

"नजर तीच हो," राखीताई म्हणाल्या. "गेली दोन वर्षं तर फोटोंमधली लबाडी हमखास पकडतात. आता दिंडोरीच्या मयूर नावाच्या संशोधकाचा लेख नाकारलाय. तोडणीच्या तोंडावर औषध फवारलं तरी चालतं म्हणे, आणि पुरावा काय, तर एकच फोटो उलटा करून दोनदा लावलेला. पण मेलेल्या माणसाचा नकार मी कसा पाळू? पाळला नाही, तर हे विष छापून जाईल."

दिंडोरीत मयूर गुरगुरला, "मला नकार देणारं भूत मी कशाला उभं करू?" रवीला ते पटलं, आणि पटलं म्हणून तो वैतागला.

गंगापूर रोडच्या सरांच्या फ्लॅटला आज कुलूप नव्हतं; आत त्यांची लेक तेजल भेटली. खुर्चीवर सरांचं स्वेटर, पुढ्यात वाफाळता चहा. सर आत्ता हात धुवायला उठलेत जणू. रवीला तिकडे बघवेना.

"शेवटची दोन वर्षं बाबांना काहीच दिसत नव्हतं," तेजल म्हणाली. "मी वाचून दाखवायचे, सांगतील ते टाइप करायचे. मला द्राक्षातलं ओ की ठो कळत नाही."

सुवर्णाने आणलेली द्राक्षं पुढे केली. तेजलने घड उलटा करून देठ पाहिला. "शिळी आहेत. धुऊन खा, मण्यांवर औषध दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा राखीताईंना घेऊन तिथेच आली.

"दिसत नसलेल्या माणसाने फोटो कसे पकडले? म्हणजे सर असतानाच डोळे दुसऱ्याचे होते. मयूरचा तर यात तोटाच. उरली सरांची मेल उघडणारी एकटी तेजल. आणि द्राक्षातलं किती कळतं, ते काल तिच्या हातांनीच सांगितलं."

तेजलने मान खाली घातली. "अभिप्राय पाठवला की ताईंचं उत्तर यायचं, 'आदरणीय सर'. कोणीतरी बाबांशी बोलतंय असं वाटायचं. मला ते थांबवता आलं नाही."

रवीने या वेळी खुर्चीवरच्या स्वेटरकडे नीट पाहिलं.

"ते गेल्यानंतरचे सगळे अभिप्राय रद्द," राखीताई म्हणाल्या. "त्यांवर ठरलेले लेख पुन्हा तपासायचे, आणि हे अंकात जाहीर करायचं. मयूरचा लेख नव्या परीक्षकाकडे जाईल. फोटोचा आक्षेप मी माझ्या सहीने घेईन." मग त्यांचा आवाज उतरला. "सरांच्या निधनाची बातमी आम्ही छापलीच नाही ग. ती तू लिहून दे."

तेजल कीबोर्डपुढे बसली. 'मोतीराम सर' एवढंच लिहून तिचे हात थांबले.

"खाली नाव कोणाचं घालू?"

"तुझं," राखीताई म्हणाल्या, आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा तेजल रडली.