लाल दोऱ्याचा फ्यूज

बसा खाली. वीज गेली म्हणून एवढा शंख करताय, लाजा नाही वाटत? आपल्या चौलात वीज नवी होती ना, तेव्हा तिच्यापायी काय घडलं ते ऐका. आणि मध्ये तोंड घालायचं नाही.

महादेव भाटे मास्तर आम्हाला शाळेत होते. सुपारीची वाडी, मोठं घर आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. साल पासष्ट, बावीस डिसेंबर, मार्गशीर्षातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नलूला बघायला पाहुणे यायचे होते. सोप्यातला प्लग तडकलेला, चारचौघांत वाईट दिसायचा, म्हणून मास्तरांनी दुपारी स्वतःच नवा बसवला. रेडिओ गायला लागला. पण माजघरातला प्लग मेला, स्वयंपाकघरातलाही मेला! इस्त्री तापेना.

"वायरमन बोलवा की," बायको प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"कोण मरायला येतोय इथे?" मास्तर खेकसले.

खरंच होतं ते. वर्षभर एकही वायरमन त्यांच्या पायरीला शिवला नव्हता. कारण रेवदंड्याचा दयाराम वायरमन त्याच घरात मेला होता.

दयारामची एक रीत होती. कामाला हात घालण्याआधी ओटीवरच्या मीटरपाशी जायचं, चिनीमातीचा फ्यूज उपटायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. आधी त्याला खुणेचा लाल दोरा बांधायचा. "फ्यूज खिशात, तर जीव खिशात," म्हणायचा. त्या दिवशीही फ्यूज त्याच्या खिशातच होता. पण रेडिओवरच्या सातच्या बातम्या चुकतील म्हणून आमच्या या शहाण्या मास्तरांनी काय करावं? फ्यूजच्या जागी तांब्याची तार खुपसली! आत दयारामच्या हातात उघडी वायर. जागीच गेला बिचारा.

बरं, चूक झाली तर कबूल करावी. नाही! मास्तरांनी तार काढली, कपाटातला जादा फ्यूज मीटरवर बसवला. मेलेल्याच्या खिशातला फ्यूज काढून वाडीतल्या विहिरीत टाकला. पंच आले तेव्हा हात झटकून म्हणाले, "त्यानं फ्यूज काढलाच नव्हता. हलगर्जी माणूस!" मला अजून संताप येतो सांगताना. माणूस मारला तो मारला, वर त्याचं नावही मारलं. वडिलांच्या हाताखाली तयार झालेल्या त्याच्या थोरल्या मुलाला मग कुणी कामावर घेईना.

त्या अमावास्येला दिवेलागणीला दयारामची बायको सगुणा दारात आली.

"मास्तर, आज वरीस झालं. येकदा तरी खरं सांगा. फ्यूज काढल्याबिगर माजा मानूस वायरीला हात लावनार न्हाय."

"चालती हो! पुन्हा आलीस तर पोलिसात देईन!"

ती रडली नाही. पायरीवरून वळून एवढंच म्हणाली, "तुमच्याकडचं काम अर्धं ऱ्हायलंय त्येचं. तो काम अर्धं सोडीत न्हाय."

रात्रीचे पावणेनऊ. मास्तरांनी फ्यूज काढला. खिशात नाही ठेवला, मीटरजवळच्या फळीवर ठेवला. घरात कुणाला सांगितलंही नाही. घरात होता तो एकच कंदील उचलला आणि माजघरातला प्लग उघडला. सगळं जागच्या जागी. स्वयंपाकघरातला उघडला. तिथेही काही नाही. पेचकस आपटला, वीज आणणाऱ्याला शिव्या घातल्या, दयारामला घातल्या.

मागे स्टूल करकरलं.

"मेलेल्या प्लगात काय बघताव, मास्तर? आपला हात जिथं लागला, तिथं बघा."

"कोण आहे रे?"

कुणी नव्हतं. स्टूल भिंतीला होतं, ते मधोमध आलं होतं.

मास्तर दोन पावलं मागे सरले. पण राग मोठा. दात खात सोप्यात गेले आणि दुपारी बसवलेला नवा प्लग उघडला. आणि बिघाड तिथेच! जुन्या प्लगात दोन्ही बाजूंच्या स्क्रूखाली दोन-दोन वायरी होत्या. एक येणारी, एक पुढे आतल्या प्लगांकडे जाणारी. मास्तरांना तो गुंता वाटला होता. त्यांनी एकेकच लावली होती, बाकीच्या मागे कोंबल्या होत्या. आता त्यांनी त्या ओढून काढल्या, पुन्हा जोडायला येणाऱ्या वायरीही स्क्रूखालून सोडवल्या. दोन्ही हातांत उघडी टोकं धरली...

ओटीवर आवाज झाला.

टक.

"किती वेळ काळोखात बसायचं माणसानं?" प्रमोदिनीबाई चिडल्या होत्या. "बसवला मी फ्यूज!"

मास्तरांना हात सोडता येईना. ओरडता येईना. दयारामलाही असंच...

एक क्षण. दोन.

काही झालं नाही.

"अहो, दिवे का नाही लागत? नीट बसवलाय मी!"

सदऱ्याचा खिसा जड झाला होता. गार. पोटावरून पाणी ओघळत होतं...

मास्तरांनी वायरी सोडल्या. त्याच क्षणी घरभर दिवे लागले. त्यांनी खिशात हात घातला. फ्यूज. शेवाळलेला. त्याला लाल दोरा.

आणि प्रमोदिनीबाईंनी बसवलेला फ्यूज मीटरवर जागच्या जागी होता.

त्याच रात्री मास्तर अनवाणी रेवदंड्याला गेले. सगुणाच्या दारात उभे राहून आळी जागी केली आणि सगळं सांगितलं. नलूची जुळू घातलेली सोयरीक मोडली. मोडू दे! दयारामचा मुलगा मात्र आठवड्यात कामाला लागला.

तुम्ही म्हणाल, दयाराम दयाळू होता. डोंबलाचा दयाळू! धुमसत होता तो वर्षभर. म्हणूनच त्यानं मास्तरांना मरू दिलं नाही. मास्तर मेले असते, तर खरं कोण सांगणार होतं?

तो फ्यूज सगुणाच्या घरच्या कोनाड्यात अजून आहे. परवा वैशाखात गेलो होतो मी, अंगाची लाही होत होती. तिच्या सुनेनं दाखवला. चिनीमाती कोरडी ठणठणीत. दोऱ्याला हात लावला...

ओला होता.