काना नसलेली सही

दोन हजार तीन सालचा डिसेंबर. नाशिकला तेव्हा थंडी थंडीसारखी पडायची. आरोग्य विम्याच्या कचेरीत खिडकीशी बसलेली मंजुषा शालीतून बोटं बाहेर काढायला कुरकुरत होती, तेवढ्यात समोर एक तरुण उभा राहिला. सातपूरच्या कारखान्याचा निळा शर्ट, आणि हाताला धरून आणलेली आई.

"आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. तुम्ही अर्ज परत पाठवलात."

मंजुषानं फाईल उघडली. "डावा जानेवारीत झाला, उजवा मार्चमध्ये. दोन्हींचे पैसे दवाखान्याला दिलेत."

"उजवा झाला?" त्याची आई, साळूबाई, खिडकीत वाकल्या. "मंग ह्या डोळ्यानं तू मला धुक्यातल्या वांग्यावानी का दिसती गं?"

तरुणाला हसू आवरेना. मंजुषाचे कान तापले... थंडी कुठल्या कुठे गेली!

मार्चच्या कागदावर ठसठशीत सही होती — 'साळूबाई'. तिनं कोरा कागद पुढे सरकवला. "मावशी, करा बरं सही."

जीभ दातांत धरून त्यांनी लिहिलं — 'सळूबाई'.

"काना राहिला."

"परौढ शाळेत शिकले तवापासून अशीच करते. बँकेत बी हीच चालती."

"तुम्ही कधी सुधारली नाहीत?" तिनं मुलाला विचारलं.

"आईची सही आहे ती," तो म्हणाला. "शुद्धलेखन नाही."

मंजुषानं मान वर केली, आणि... पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वराज. नाव फाईलवर होतंच.

शुद्ध सही खोटी, चुकलेली खरी! साहेब म्हणाले, "म्हातारी माणसं विसरतात हो. कशाला लचांड?" तिनं ऐकलं नाही. बँकेतल्या जुन्या सह्या जोडून तक्रार पुढे धाडली. साळूबाईंना बजावलं, "दवाखान्यात गेलात की तारीख कॅलेंडरवर लिहायची. बिलाची प्रत मागायची. कोऱ्या कागदावर सही नाही."

"आन् हा इसरला तर?"

"तर यांना माझ्याकडे पाठवा."

मोबाइल तेव्हा मोजक्यांकडेच. माणूस स्वतः यायचा. स्वराजही यायचा — दर सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती कागदात गुंडाळून.

"काही कळलं?"

"अजून नाही."

"बरं झालं," तो म्हणे... आणि जीभ चावे.

फेब्रुवारीत निकाल लागला. खोटं बिल लावणाऱ्या त्या दवाखान्याचं नाव विम्याच्या यादीतून गेलं, साळूबाईंचं ऑपरेशन मंजूर झालं. दुसऱ्या दवाखान्यात त्यांची पट्टी सुटली, त्या दिवशी मंजुषा रजा टाकून गेली — फक्त चौकशीला, असं स्वतःला सांगत.

साळूबाईंनी तिला पाहिलं, मुलाला पाहिलं, पुन्हा तिला.

"डोळ्याचं काम झालं रे बाबा. आता कोणतं निमित्त काढून जाशील?"

स्वराज लाजून भिंतीकडे वळला. "निमित्त..." तो हळूच म्हणाला, "लागेलच का?"

मंजुषानं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"कचेरीत नको," ती म्हणाली. "घरी या... आईंना घेऊन. बाबा सहाला येतात."